बाजार आमटी

आमच्या माढा तालुक्यात कुणाच्या घरी पुण्या-मुंबईचा पाहुणा आला, की मला फोन येतो. "आप्पा, आमटी खायला कुठं न्यावं?" शेतीतला सल्ला मला कुणी विचारत नाही, कारण माझी शेती सगळ्यांनी बघितलेली आहे. पण खाण्याच्या बाबतीत माझ्या जिभेवर गावाचा भरवसा आहे. कुठल्या ढाब्यावरची भाकरी सकाळची असते, कुठल्या हॉटेलात आमटीत बेसन लावून ती दाट करतात, एस.टी. स्टँडवरची भजी किती वाजता खावी आणि किती वाजल्यानंतर खाऊ नये, हे मला ठाऊक असतं. दहावीपर्यंतच शिकलो, पण हा विषय मी पुढंही सोडला नाही.

मागच्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला आणि आम्हा दोघांना हायवेवरच्या नव्या ढाब्यावर घेऊन गेला. बाहेर मोठा बोर्ड : 'अस्सल बाजार आमटी. शंभर वर्षांची परंपरा.' ढाबा होऊन तीन वर्षं झालेली. जागेचा मालक आधी तिथं ऊस लावायचा. पोऱ्यानं स्टीलची बादली आणून ठेवली, आमटी पाहिजे तेवढी, भाकरी मात्र मोजून. वर लाल तर्री एवढी, की तोंड दिसावं. बायकोनं पहिला घास घेतला आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "अवं, ह्यात पाच डाळी कुठं हायत्या? तूर अन् हरभरा, दोनच. बाकीचा सोडा हाय."

ती बरोबर होती. पण माझं डोकं बोर्डावरच अडकलं. शंभर वर्षांची परंपरा कुणाची, ते तिथं लिहिलं नव्हतं.

माझा आज्जा शेळ्या-बोकडांचा व्यापार करायचा. व्यापार म्हणजे काय, पाच-सात जनावरं हाकत या बाजारातून त्या बाजारात. टेंभुर्णी, मोडनिंब, कुर्डुवाडी, जेऊर, करमाळा, कधी बार्शी. बाजाराचे वार वेगळे, त्यामुळं फिरस्त्या व्यापाऱ्यांचा आठवडा बाजारातच जायचा. कापडवाले, मिरचीवाले, डाळीवाले, मसाल्याचे पुडे विकणारे, मीठवाले, सगळे एकमेकांना ओळखणारे. बारक्या गावात तेव्हा खानावळ नव्हती. चहाचं हॉटेल असायचं, तिथं शेव-चिवडा आणि बाजाराच्या दिवशी जिलेबी. त्यानं पोट भरत नाही. घरून बांधून आणलेली भाकरी संध्याकाळपर्यंत वाळून कडक व्हायची. मग बाजार उठला, की ही मंडळी लिंबाखाली तीन दगड मांडायची.

पाच डाळी कशा आल्या, हे आज्जा असं सांगायचा. डाळीवाला गिऱ्हाइकाला मूठभर डाळ तळहातावर दाखवतो. तूर दाखवली, हरभरा दाखवला, मसूर दाखवली. दाखवलेली डाळ कधी चुकीच्या पोत्यात पडते, कधी ताडपत्रीवर सांडते. दिवसाच्या शेवटी ताडपत्री झटकली, की शेर-अदशेर मिसळलेली डाळ निघते. तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद, सगळं एकात. ती विकता येत नाही आणि टाकवतही नाही. मग डाळीवाल्यानं डाळ द्यायची, मिरचीवाल्यानं तिखट, मसालेवाल्यानं चिमूटभर लवंग-दालचिनी, माळव्यावाल्यानं कांदा-लसूण-कोथिंबीर, किराणावाल्यानं खोबऱ्याचा तुकडा आणि तेल. शेळ्या विकणाऱ्यानं काय द्यायचं? आज्जा लाकडं गोळा करायचा आणि पातेलं ढवळायचा. म्हणून ही आमटी बाप्यांच्या हातची. आमच्या घरात ती बायकांना पुरुषांनी शिकवली, हे ऐकून आजकालच्या पोरींना हसू येतं.

मी सहा-सात वर्षांचा असताना, म्हणजे १९६५-६६ च्या सुमाराला, आज्जाबरोबर पहिल्यांदा बाजार आमटी खाल्ली. कडक भाकरी थाळीत चुरायची, मुठीनं दाबून मध्ये आळं करायचं आणि त्यात आमटी ओतून घ्यायची. नाकातनं पाणी. कुणीतरी कांदा बुक्कीनं फोडून दिला होता. अंधार पडलेला, जाळावर सगळ्यांची तोंडं तांबडी दिसत होती. त्या चवीचं नाव घेतलं तरी अजून तोंडाला पाणी सुटतं. पण त्या रात्रीचं दुसरंही काही आठवतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

बाजारात दोर, कासरे, केरसुण्या विकणारा एक माणूस होता, आमच्याच गावचा. आज्जाच्या वयाचा. मी एवढासा पोरगा, पण त्याला अरेतुरे करायचो, कारण घरात सगळे तसंच करायचे. त्यानंही दिवसभर विक्री केलेली. पण त्याच्याकडनं पातेल्यात काही घ्यायचे नाहीत. त्यानं मीठ पुढं केलं, तर कुणीतरी म्हटलं, "राहू दे, झालंय." तो पाच-सात हात लांब बसला आणि त्याच्या थाळीत वरनं आमटी ओतली, पळी थाळीला लागणार नाही अशी. मी आज्जाला विचारलं, "त्यो हिकडं का बसत न्हाई?" आज्जा म्हणाला, "गप खा."

आज्जा माळकरी होता. एकादशीला चोखोबाचे अभंग म्हणताना त्याचा गळा भरून यायचा. चोखोबा आमच्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. तिथं वेशीच्या भिंतीचं काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात, विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, पायरीच्या बाहेर. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठं देऊळ सगळ्यांना उघडं झालं. आज्जानं ते दिवस बघितले होते, अभिमानानं सांगायचा. देवळाला जाऊन वीस वर्षं झाली होती, आमटीचं पातेलं मात्र बंदच.

चहाच्या हॉटेलात तेच. बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात कान तुटलेले दोन-तीन कप पालथे घातलेले असायचे. दोरवाल्यानं कप घ्यायचा, चहा वरनं ओतायचा, पिऊन आपणच धुऊन ठेवायचा. अस्पृश्यतेचा कायदा १९५५ सालचा. कोनाडा मी १९७० नंतरही बघितलेला आहे. हॉटेलाचं नाव लिहीत नाही, कारण तालुक्यात असं एकच हॉटेल होतं असं कुणाला वाटायला नको.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

दुष्काळाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी खाण्यापुरतंच सांगतो. बैलं विकली. आई-दादा दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला. रेशनवर अमेरिकेचा मिलो यायचा, तांबडी ज्वारी म्हणायचे तिला. आमच्याकडं ज्वारी म्हणजे शाळू. मोहोळच्या केंद्रावर निघालेली मालदांडी, मोत्यासारखी, भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ. मिलोची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची आणि घशाखाली उतरताना भांडायची. आई पिठाला उकळतं पाणी घालून, मळून मळून कशीतरी वळवायची. कामावर सुकडी मिळायची. एक मोठी कढई आणि पुढं सगळ्यांची एकच रांग. दोरवाला आणि त्याची बायको त्याच रांगेत, आईच्या पुढं-मागं. सरकारी कढईपुढं कुणाला पळी वरनं धरायला सुचलं नाही. भूकच तेवढी होती. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पिकं उभी राहिली, आणि कोनाड्यातले कप जिथल्या तिथं होते.

आमच्या घरात मात्र दुष्काळ पावसानं संपला नाही. बैलं नव्हती, डोक्यावर कर्ज होतं. दादा कुर्डुवाडीला हमालीला जायला लागले आणि १९७३ च्या दिवाळीनंतर आई तिथल्याच एका खानावळीत भाकरी करायला लागली.

कुर्डुवाडी म्हणजे रेल्वेचं गाव. मोठी लाईन होतीच, शिवाय बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी. १८९७ साली ती आधी बार्शीला सुरू झाली, मागनं पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. रेल्वेचा कारखाना तिथं. त्यामुळं परगावची माणसं फार: फिटर, गार्ड, मास्तर, कारकून, वारीला जाणारे-येणारे. आमच्या भागात खानावळी वाढल्या त्या या लोकांच्या जिवावर. महिन्याचं जेवण लावायचं, गैरहजर राहिलं तर खाडा धरायचा, आठवड्यातनं एकदा गोड. दीड रुपयाला ताट : दोन भाकरी, एक पातळ भाजी, एक कोरडी, शेंगाची चटणी, कांदा, भात आणि वर वाढप.

त्या खानावळीवर पाटी होती, 'येथे घरगुती जेवण मिळेल'. मी तेव्हा आठवीत होतो, शाळा सुटली की मागच्या दारानं आईकडं जायचो. दोन चुली, आई पाटावर, पुढं काटवट, आणि भाकऱ्यांची उतरंड. धुरानं डोळे लाल. सकाळी शंभर-सव्वाशे, संध्याकाळी तेवढ्याच. शाळूचं पांढरं पीठ, मालकानं कुठनं तरी जादा भावानं आणलेलं. दिवसा आईच्या हाताखाली शाळू असायचा आणि रात्री घरी येऊन ती आम्हाला मिलोची भाकरी थापायची. घरगुती जेवण म्हणजे काय, हे ती पाटी वाचून मला नीट कळलं.

दादांना हे फार लागलं. आपल्या घरातली बाई पैशासाठी दुसऱ्याच्या ताटात भाकरी वाढते, ही कुणबाऊ घराला बट्टा लावणारी गोष्ट. पाव्हण्यांनी विचारलं, तर दादा सांगायचे, "बाजारला गेलीया." रोजच्या रोज कसला बाजार? सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माहीत नसल्यासारखं करायचे. पण गंमत अशी, की तिला ते काम मिळालं ते जातीवरच. मालकानं पहिल्या दिवशीच विचारून घेतलं होतं. गिऱ्हाइकं विचारायची, भाकरी कुणाच्या हातची? मालकाला ताठ मानेनं सांगता यायला पाहिजे होतं. म्हणजे ज्या नावाला बट्टा लागत होता, त्याच नावाची ती मजुरी होती. हे मला तेव्हा कळलं नाही.

अकरा वर्षं आईनं तिथं भाकऱ्या केल्या. माझी दहावी १९७६ साली त्याच पैशांवर झाली, दोन बहिणींची लग्नंही. आणि अकरा वर्षांत एकदाही ती तिथं बाकड्यावर बसून जेवली नाही. तेव्हा बाई हॉटेलात बसून जेवते, हे दिसायचंच नाही आमच्याकडं. प्रवासातल्या बायका एस.टी. स्टँडवर झाडाखाली पदराआड भाकरी सोडायच्या, पण बाकड्यावर नाही.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं. करमाळा-इंदापूरकडची गावंच्या गावं पाण्याखाली गेली आणि आमच्याकडं पाटाचं पाणी आलं. पाण्याबरोबर ऊस, उसाबरोबर ट्रॅक्टर, ट्रक, टोळ्या, आणि ट्रकांच्या मागनं ढाबे. भिगवणकडं धरणातल्या माशांची हॉटेलं निघाली; तिथली चिलापी मी आवडीनं खातो, पण ज्यांची जमीन त्या पाण्याखाली आहे अशा एका सोयऱ्याबरोबर गेलो होतो, तो सबंध जेवणात खिडकीकडं पाठ करून बसला. १९९५ ला सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर काढली. जागोजागी टपऱ्या आल्या, पाच-सहा वर्षांत भाकर गेली आणि टपऱ्या राहिल्या. २०२० पासून शिवभोजन, दहा रुपयांत थाळी, कोरोनात पाच रुपयांत. गरिबाला ते फार उपयोगी पडलं. पण त्या थाळीत चपाती आणि भात. ज्वारीची भाकरी गरिबाच्या ताटातनं उठून कधी श्रीमंताच्या ताटात जाऊन बसली, ते आमच्या डोळ्यांदेखत घडलं. २०१६ ला मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे सगळ्या जगाचं भरडधान्य वर्ष झालं, आणि आमच्या गावात शाळू पेरणारी घरं बोटावर मोजण्याएवढी उरली. मी पेरतो. अर्धा एकर. बायको म्हणते हौस आहे, पोरगा म्हणतो नुकसान आहे.

आता आमटीकडं परत येतो. ढाबा कसा पारखायचा, हे विचारणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. आधी भाकरीकडं बघा. पापुद्रा सुटलेला पाहिजे आणि कडेला भेग नको. भाकरी हातावर थापलेली का साच्यावर दाबलेली, ते तिच्या गोलाईवरनं कळतं. फार गोल असली तर संशय घ्या. आमटी बोटांना चिकटली, तर तिच्यात पीठ आहे. खरी आमटी पातळच असते आणि डाळ घोटलेली नसते, तिचे कण दिसतात. तर्री लाल भडक असली तर रंग, तांबूस काळपट असली तर काळं तिखट. आणि ट्रकवाले काय मागवतात ते बघा, भिंतीवरचा फोटो बघू नका. टेंभुर्णीच्या अलीकडं एका पत्र्याच्या शेडमध्ये नवरा-बायको दोघंच आमटी करतात. बसायला चार बाकडी, पंखा नाही. तिथं मी पाहुण्यांना नेतो. नव्या ढाब्यावर लॉन आहे, झोपाळा आहे, लेकरं खेळतात. आमटी मात्र पहिल्या तीन घासांपुरती.

घरी आमची पद्धत अशी. हरभऱ्याची डाळ दोन मुठी, तूर एक, मूग-मसूर-उडीद मिळून एक. हळद आणि तेलाचा थेंब टाकून शिजवायची, पण गाळ करायची नाही. कांदा आणि खोबऱ्याची वाटी आरावर भाजायची. गॅसवर भाजली तर चालते, पण मला कळतं. भाजलेला कांदा, खोबरं, लसणाचा अख्खा गड्डा, आलं, कोथिंबीर, थोडे तीळ पाट्यावर वाटायचे. तेल हात सैल सोडून घ्यायचं, वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग काळं तिखट आणि डाळ शिजलेल्या पाण्यासकट डाळ. पाणी घालायचं तर उकळतं. नंतर जाळ कमी करून निवांत उकळू द्यायची. सोबत कालची भाकरी. ताजी भाकरी या आमटीत विरघळून जाते, मजा येत नाही.

आईला मी ढाब्यावर नेलं ते २०११ साली. तिचं वय तेव्हा पंच्याहत्तरच्या पुढं, दादा जाऊन सात वर्षं झालेली. दवाखान्यातनं परत येताना उशीर झाला, म्हटलं इथंच जेवू. ती आत यायला तयार होईना. मग नातवाचा हात धरून आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली, कुणी उठवेल म्हणून बसावं तशी. ताट आलं. आमटीला तिनं हात लावला नाही. भाकरी उचलली, उलटी करून बघितली, बोटानं पापुद्रा उचलला आणि म्हणाली, "हात चांगला हाय." आणि उठून सरळ आत गेली.

मी मागं गेलो. गॅसच्या शेगडीपुढं एक बाई भाकऱ्या थापत होती, तिशीची असेल. आई तिच्या शेजारी खाली बसली.

"कुठल्या गावची गं तू?"

तिनं गाव सांगितलं.

"किती करतीस दिवसाला?"

"दोनशे हुत्यात, आज्जी. सीझनला जास्त."

"जेवायला कुठं बसतीस?"

ती बाई हसली. "हितंच की. समदं उरकल्यावर."

आईनं मान हलवली. बाहेर येऊन जेवली, पण गप्प गप्प. गाडीत बसल्यावर बराच वेळ बोलली नाही. मोडनिंब मागं पडल्यावर म्हणाली, "त्या दोरवाल्याच्या बायकूचा हात लई चांगला हुता."

मी म्हटलं, "तुला काय म्हाईत?"

"खडीवर शेजारी चूल मांडायचो की आम्ही. मिलोची भाकरी माझी मोडायची, तिची न्हाई. तिनंच शिकवलं मला उकळतं पाणी घालून मळायला."

थोड्या वेळानं म्हणाली, "खानावळीत लागल्यावर दुसऱ्या वर्षी ती आलती माझ्याकडं. मला बी लाव म्हणली. मालकानं मला सांगितलं हुतं, आनखी एक बाई बघ म्हणून. मी तिला म्हणलं, जागा न्हाई."

पुढं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. घरी पोचल्यावर तिनं पिशवीतनं कागदात गुंडाळलेली एक भाकरी काढली. त्या शेगडीपुढच्या बाईनं निघताना तिला दिली होती. तिनं ती चार तुकडे करून आम्हा सगळ्यांना वाटली आणि आपला तुकडा नुसताच, मिठाशिवाय, खाल्ला.